हाय वीस

फळ्यावर भिंगातून जाणारा किरण काढता काढता उमाशंकरचा हात थांबला, कारण खिशातला फोन तिसऱ्यांदा थरथरला होता. सकाळच्या वेळी तीनदा फोन करणारं माणूस नांदेडचंच असणार हे त्याला न बघताही कळलं. लातूरच्या शिकवणी वर्गांच्या त्या गल्लीत तास चालू असताना मास्तरांनी फोन घेणं हा गुन्हाच, आणि परीक्षा अडीच महिन्यांवर आलेली असताना तर डबल गुन्हा. तरी तो मुलांना आकृती पुरी करायला सांगून व्हरांड्यात आला. पलीकडून दाजी बोलत होते. दाजी म्हणजे सिद्धराम, अक्काचे यजमान, पाटबंधारे खात्यातले कारकून. त्यांचा आवाज एरवी फायलीवरच्या शेऱ्यासारखा सपाट असे, आज त्याला कुठंतरी चीर गेली होती.

"अक्का बोलून राहिलती तुमची," दाजी म्हणाले. "आठ दिवस झाले. दोनच शब्द. हाय वीस. पाणी पाह्यजे का विचारलं तरी हाय वीस, दुखून राहिलं का विचारलं तरी हाय वीस. म्हटलं काही अर्थ निघंल, मग तुम्हाला कळवू. पण काल दुपारपासून तेबी बंद केलंय. भित्तीकडं तोंड करून पडून हाय. हे वीस काय हाय, तुम्हाला काही ठाऊक हाय का?"

उमाशंकरला हसू आलं. ज्या बाईनं दीड महिना अंथरूण धरलंय तिच्या नवऱ्याशी बोलताना आपण दात काढतोय हे लक्षात येऊन त्यानं तोंडावर हात धरला, पण हसू हाताच्या बाजूंनी बाहेर येतच राहिलं. खिडकीतून दोन पोरींनी ते पाहिलं आणि माना खाली घातल्या. ठाऊक नसायला काय झालं? उभ्या महाराष्ट्रात हे कोडं सोडवू शकणारं एकच माणूस होतं आणि ते हातात खडू घेऊन व्हरांड्यात उभं होतं. उद्याच येतो म्हणाला, आणि दाजींनी काही विचारायच्या आत फोन ठेवला. मग मात्र तो कठड्याला टेकला. 'उद्याच येतो' हे वाक्य त्यानं या दीड महिन्यात पाच रविवारी मनातल्या मनात म्हटलं होतं.

दीड महिन्यापूर्वी अक्का, म्हणजे महादेवी, वय वर्षं शेहेचाळीस, हरभऱ्याची भाजी निवडताना एका अंगावर कलली. मेंदूत गुठळी. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डॉक्टर म्हणाले, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी येऊ लागल्या. त्यांनी दाजींना समजावलं होतं की अशा माणसांच्या जिभेवर कधीकधी एखादाच शब्द अडकून बसतो आणि तोच तोच येतो. तो जरासा जरी हलला तरी मागचे मोकळे व्हायला लागतात. पण पहिले तीन महिने महत्त्वाचे. तिनं स्वतःच नाद सोडला तर मग अवघड आहे. उमाशंकर पहिले तीन दिवस दवाखान्यात होता. अक्कानं त्याच्याकडं पाहिलं, ओठ हलवले, आणि ज्या घरात हिच्या तोंडाला कुलूप घाला म्हणून आई शिवाला साकडं घालायची, त्या घरच्या लेकीच्या तोंडून नुसता वारा आला. दिवसाला आठ तास बोलून पोट भरणाऱ्या उमाशंकरला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. सराव परीक्षा आहेत अशी थाप मारून तो संध्याकाळच्या गाडीनं लातूरला आला. त्यानंतर रोज फोन केला, दाजींना. कळत होतं, वळत नव्हतं, दुसरं काय.

हाय वीस. उदगीर, तो पाचवीत, अक्का आठवीत. वडील वीरण्णा धान्याच्या मोंढ्यात अडत चालवायचे आणि तुरीच्या कामानं हैदराबादला जायचे. अशाच एका खेपेहून त्यांनी एक पांढरा-तांबडा डबा आणला. त्याला दोन वायरींवर बटणांच्या दोन चपट्या पट्ट्या, एक पिस्तूल आणि वर कॅसेट खोचायची फट. टीव्ही गेम. आई कमलम्मानं आधी डब्याला विभूतीचे तीन पट्टे ओढले, मग कॅसेटला, आणि मगच पिन लावू दिली. पहिला खेळ रणगाड्यांचा निघाला. आम्ही त्याला टँकवाली म्हणायचो असं उमाशंकर पुढं वर्गात पोरांना सांगायचा, कारण खेळांची खरी नावं त्या घरात कुणालाच वाचता येत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. टँकवाली, बदकवाली, उडीवाली. मराठी शाळेत पाचवीला इंग्रजी नुकतं सुरू झालेलं. पडद्यावर वरच्या बाजूला एच आणि आय ही दोन अक्षरं आणि पुढं वीस हजाराचा आकडा होता. उमाशंकरनं बोट ठेवून जुळवलं. ह, आय, हाय. "अक्का, हाय वीस हजार!" त्याला जराही नवल वाटलं नाही. हैदराबादेतनं आलं म्हणून काय झालं, उदगिरातल्या टीव्हीवर लागलंय तर उदगिरी बोलणारच. वीस हजार काय हाय, असं त्यानं विचारलं तर अक्का शेजारच्या दोन शून्यांकडं बघून म्हणाली, "आसंल काही. त्याच्यापाशी हाय, आपल्यापाशी न्हाई." पुढं वर्षभरानं हैदराबादचा आतेभाऊ अमरेश सुट्टीला आला आणि हे ऐकून पोट धरून लोळला. ते 'हाय' इंग्रजी आहे, उंच म्हणजे हाय, सगळ्यांत वरचा आकडा. भाऊबहिणीला एवढा राग आला की त्यांनी अमरेशला तीन दिवस पट्टी हातात दिली नाही, आणि हाय म्हणजे हायच हे घरापुरतं कायम केलं.

तेव्हा अक्काच्या जिभेवर पडद्यावरची ती ओळ अडकली आहे, आणि हजार तेवढा वाटेत गळाला आहे, हे उघड होतं. डबा नेऊन तिच्यापुढं मांडायचा, ओळ दाखवायची, पुढचं तिचं तीच म्हणेल. एवढी सोपी गोष्ट त्याच्या आयुष्यात पुष्कळ दिवसांत झाली नव्हती. संध्याकाळी घरी येऊन त्यानं माळ्यावरून खोकं काढलं. बायको अंबिकानं ते पाहिलं आणि अक्काला औषध न्यायचंय की खेळणं, असं विचारून ती भाकरी टाकायला गेली. कॅसेट चालते का बघायला म्हणून त्यानं डबा नव्या टीव्हीला लावला, आणि सोळा वर्षांची लेक प्रियदर्शनी पुस्तक मिटून शेजारी येऊन बसली. मग जेवणापर्यंत बापलेकीनं त्या कॅसेटमधल्या खेळांची परीक्षाच घेतली. बदकवालीचं पिस्तूल कितीही झाडलं तरी एक बदक पडेना. उमाशंकरनं मास्तरकी करून सांगितलं की हे पिस्तूल गोळी सोडत नसतं, पडद्याचा लखलखाट बघत असतं. जुन्या काचेच्या टीव्हीशी त्याची बोली ठरलेली होती, हा चपटा टीव्ही त्याला ओळखत नाही. बिचाऱ्या पिस्तुलाचा काही दोष नव्हता, त्याचं गणगोत मेलं होतं. फटफटीवाली पाच मिनिटांत कंटाळवाणी झाली. एकच रस्ता, तीच झाडं. लहानपणी त्या रस्त्यावर आपण हैदराबादपर्यंत जाऊन यायचो हे त्यानं लेकीला सांगितलं नाही. उडीवालीपाशी मात्र प्रियदर्शनी अडकली. "पप्पा, ह्याची उडी भारी आहे," म्हणाली, आणि बोलताना स्वतःही बसल्या जागी अर्धा इंच उचलली गेली. त्यालाही तेच म्हणायचं होतं. त्या इवल्या चौकटींच्या माणसाच्या उडीला वजन होतं, तो वर जाताना रेंगाळायचा आणि खाली येताना पोटात खड्डा पडायचा, तीस वर्षांपूर्वी जेवढा पडायचा तेवढाच.

नांदेडला कॉलेजात असताना, दोन हजार दोनच्या सुमारास, वजिराबादच्या एका नेट कॅफेत तो तासावर पैसे भरून नव्या तऱ्हेचे खेळ खेळायचा. माणसं खरी वाटायची, भिंतींना खोली असायची, आणि आता याच्या पुढं काय होणार म्हणून तो थक्क होऊन वसतिगृहावर परत यायचा. त्यातला एक परवा कुणीतरी फोनवर पाठवला तर बघवेना. माणसांचे हात विटांचे, तोंडं कापडावर छापलेली. खरं दिसायला धडपडलेले सगळे आधी म्हातारे झाले होते. ज्यांनी तसा आवच आणला नव्हता, चार चौकोन जोडून हा टँक समज म्हणून सांगितलं होतं, त्यांना काही झालं नव्हतं. वीरण्णा मोंढ्यात मुठीत धान्य घेऊन सांगायचे, तांदूळ जुना बघून घे, डाळ नवी बघून घे, उलटं केलंस तर जेवणारा शिव्या देईल. तांदूळ मुरतो, मोकळा होतो. डाळ जुनी झाली की तासभर चुलीवर ठेवा, शिजत नाही. उमाशंकर एकेक खेळ असा मुठीत घेऊन बघत होता, हा तांदूळ, ही डाळ, आणि बघता बघता त्याला अस्वस्थ वाटू लागलं. कारण टँकवाली त्यानं लावलीच नव्हती. तो एकट्यानं खेळायचा खेळ नाही असं त्यानं लेकीला सांगितलं. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. ती डाळ निघाली तर? पडद्यावर दोन केविलवाणे चौकोन घरघरत फिरताना दिसले, आणि अक्कानं ते पाहून पुन्हा भिंतीकडं तोंड केलं तर? मग नांदेडहून परत घेऊन यायला त्याच्याकडं काय उरत होतं?

रविवारी सकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. अहमदपूर गेलं, लोह्याला गाडी चहासाठी थांबली, शेजारी कंधारची पाटी लावलेली एसटी उभी होती आणि तिच्या टपावर कुणाचा तरी लोखंडी पलंग चढवणं चाललं होतं. खोकं मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. त्याला अक्काचं खेळणं आठवत होतं. खेळ असा होता की खाली मधोमध विटांच्या आडोशाला एक गरूड बसलेला असे. वरून शत्रूचे रणगाडे येत, आणि ते गरुडापर्यंत पोचले की सगळं संपलं. उमाशंकर सुरू होताच उधळायचा. वर जाऊन समोरासमोर भिडायचं, ही त्याची मर्दुमकी. अक्का गरुडाशेजारी जी उभी राहायची ती तिथून हलायची नाही. त्याची पाठ वळली की खाली काय चाललंय ते त्याला दिसत नसे. मागून तिची बडबड मात्र अखंड कानावर पडायची. ती काय बोलायची हे आता त्याला आठवेना. लक्ष कुणी दिलं होतं? आणि तो फारच पुढं गेला तर ती सरळ त्याच्यावर गोळा टाकायची. त्या खेळात आपल्या माणसाचा गोळा लागला तर मरण येत नसे, पण टँक लुकलुकत जागच्या जागी खिळायचा. 'अक्का मला कशाला मारून राहिलीस,' असा तो ओरडायचा आणि आई स्वैपाकघरातून दोघांनाही जेवायला बोलवायची. लग्नानंतर अक्कानं त्याला बाकी सगळं केलं. कॉलेजची तीन वर्षं डबा पाठवला, अंबिकाला बघायला तीच आधी गेली होती. पण पुढं पळू नको म्हणून त्याला खिळवायचं तिचं ते काम तेवढं बंद पडलं. तो लातूरला गेला आणि त्याचा वर्ग वाढत राहिला.

नांदेडच्या भाग्यनगरातल्या त्या घरात अक्काची सासू गौरम्मा दारातच भेटली. तिचं म्हणणं साधं होतं, सून दुखण्यानं हाय हाय करते आहे आणि तुम्ही शिकलेली माणसं त्यात अर्थ शोधताय. अक्का खिडकीपाशी पलंगावर भिंतीकडं तोंड करून होती. केस कुणा बायकी हातानं नव्हे, दाजींच्या हातानं विंचरलेले दिसत होते, भांग वाकडा होता. उमाशंकरनं हाक मारली. तिनं मान वळवून पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा भिंत जवळ केली. पाच रविवारांचा राग त्या वळण्यात होता, आणि तो पुरेपूर त्याच्या वाट्याचा होता. त्यानं खोकं उघडलं, टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी सरकवला, पिवळी आणि पांढरी पिन लावली, कॅसेट खोचून बटण दाबलं. पडदा राखाडी. काढून फुंकर मारली, पुन्हा खोचली. राखाडी. काल लातूरला चाललेली कॅसेट आज नांदेडला संपावर गेली होती. त्यानं शर्टाच्या टोकानं पुसली, उलटी आपटली, देवाचं नाव घेतलं. मागं पलंग करकरला. अक्का वळली होती. डावा हात लांब करून ती कोनाड्याकडं बोट दाखवत होती. तिथं लिंगपूजेचं सामान होतं, आणि विभूतीचा पांढरा खडा.

दाजींना ते कळलं नाही. त्यांना वाटलं तिला कपाळाला लावायची आहे. उमाशंकरनं मात्र खडा उचलला, बोटावर भुकटी घेतली आणि कॅसेटच्या पितळी दातांवरून हलकेच घासली, आई तीस वर्षांपूर्वी करायची तसं. राखेनं भांडी निघतात तसे पितळी दातही निघतात, एवढंच त्यातलं विज्ञान. मास्तर झाल्यावर ते त्याला कळलं होतं, आणि काल रात्रीपासून आठवलं मात्र नव्हतं. बटण दाबलं, पडदा उघडला आणि त्यानं यादीतून टँकवाली निवडली. वर ती ओळ होती, एच, आय, वीस हजार. उमाशंकरनं अक्काकडं पाहिलं. आता ती म्हणेल. त्यानं ओळीवर बोट ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं, आणि म्हणाला, "अक्का, बघ. हाय वीस…" आणि थांबला, पुढचा हजार तिच्यासाठी सोडून. अक्कानं ओळ पाहिली. मग त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. वेड्याकडं बघावं तशी ती नुसती बघत होती, आणि हळूहळू तिचे डोळे पुन्हा भिंतीकडं जायला लागले.

म्हणजे ते नव्हतं. लातूरच्या व्हरांड्यापासून त्यानं जे कोडं सुटलं म्हणून मिरवलं ते सुटलंच नव्हतं. हजाराचा आकडा त्याचा होता, त्याच्या डोक्यातला, त्याच्या चढाओढीचा, अक्काला त्याच्याशी काय करायचं होतं? उंटावरून शेळ्या हाकायला तो आला होता. त्याला आता उठून जावंसं वाटलं, दुपारची गाडी होतीच. पण पिन काढायला हात गेला तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, त्यानं दुसरी पट्टी अक्काच्या डाव्या हाताशी ठेवली आणि दोन जणांचा डाव सुरू केला. पडद्याचा राखाडी दरवाजा दोन्ही बाजूंना सरकला. विटा, गरूड, डावीकडं त्याचा पिवळा टँक, उजवीकडं तिचा हिरवा. आणि पार उजव्या कडेला छोट्या छोट्या टँकांच्या चित्रांच्या दोन उभ्या रांगा, दहा आणि दहा.

"हाय वीस," अक्का म्हणाली.

दाजी खुर्चीतून पुढं झाले. ती पट्टीवर अंगठा ठेवून पडद्याच्या कडेकडं बघत होती आणि तिचा आवाज जाड होता, पण सूर तोच होता, तीस वर्षांपूर्वीचा, पाठीमागून येणारा. बडबड कुठली, ती मोजत असायची. तो वर लढायला गेला की कडेला बघायची फुरसत त्याला नसे, म्हणून किती राहिले ते ती सांगायची. हाय वीस, म्हणजे वीस आहेत, चल, लाग. मग हाय एकुणीस, हाय अठरा. आणि ती ते कडेच्या रांगांवरून वाचायचीही नाही, हे आता त्याला लख्ख आठवलं. कडेची चित्रं लबाड होती, शत्रू मैदानात उतरला की कमी व्हायची, मेल्यावर नव्हे. 'ते मेल्याचं नसतंय रे, आल्याचं असतंय,' असं ती म्हणायची आणि मेलेल्यांचा हिशेब डोक्यात ठेवायची. आठ दिवस ती घरातल्या सगळ्यांना एकच सांगत होती, सगळे यायचे आहेत, मी उभी आहे, तू लाग. आणि लागणारा लातुरात बसला होता.

तो लागला. सवयीनं वर उधळला, उजवीकडं वळला, तिच्या समोरून आडवा जायला निघाला आणि धाड्‌ करून गोळा बसला. त्याचा टँक लुकलुकत खिळला. अक्काच्या तोंडाची डावी बाजू वर गेली होती. उजवी जागेवर होती, पण हसू पुरं होतं. "अक्का, मला कशाला मारून राहिलीस," तो म्हणाला. एवढ्यात तिच्याच रांगेत वरून शत्रूचा एक टँक विटा फोडत खाली उतरू लागला. हा खिळलेला, दाजी खुर्चीच्या टोकाशी, गौरम्मा दारात. अक्काला जागेवरून हलायचं नव्हतंच, ती कधीच हलली नव्हती. तिनं अंगठा काढून डाव्या हाताचं एक बोट बटणावर नेलं, ते घसरलं, पुन्हा नेलं. विटांचा शेवटचा थर गेला. तिनं दाबलं. टँक फुटला आणि पडद्यावर क्षणभर तांबडं-पांढरं झालं.

"हाय," अक्का म्हणाली, आणि थांबली. कडेच्या रांगा पंधरावर आल्या होत्या. तिनं तिकडं पाहिलं नाही. तिच्या गळ्याशी काहीतरी चढत होतं, उतरत होतं, ओठ वीसच्या व साठी जुळले आणि तिनं ते मुद्दाम उघडले. उमाशंकरला ओठांवर आलेला तो शब्द तिच्यासाठी म्हणून टाकावा असं फार वाटलं. तो म्हणाला नाही. त्याचा टँक सुटला होता, तो जागेवर उभा होता.

"हाय… ए… एकुणीस."

दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गौरम्मा पुढं आली, एकदा सुनेकडं आणि एकदा टीव्हीकडं बघत तिनं हळूच विचारलं, "एकुणीस काय हाय रे, उमाशंकर?"

"राहिलेत, अव्वा," तो म्हणाला. डोळ्यांपुढचा पडदा नीट दिसत नव्हता, तरी त्यानं टँक खाली घेतला आणि तिच्या टँकाला लावून गरुडाच्या दुसऱ्या बाजूला उभा केला. "अजून एकुणीस राहिलेत."